ओल्या कचऱ्यावर चालणारा घरचा बायोगॅस: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

घरच्या घरी इंधन करायचं म्हटलं की नवीन माणूस एकदम बायोडिझेल, इथेनॉल, लाकडाचा गॅस वगैरे सगळं एकाच वेळी वाचायला लागतो आणि मग काहीच करत नाही. माझं सरळ मत आहे की आपल्या हवामानात आणि आपल्या घरात सुरुवात करायची तर ती बायोगॅसपासूनच करावी. वापरलेल्या तळणीच्या तेलाचं बायोडिझेल होतं, ते खरंय, पण त्याला मिथेनॉल लागतं आणि मिथेनॉल हे विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, त्यात वर कॉस्टिक सोडा, आणि हे सगळं घरात लहान मुलं असताना करायची गोष्टच नाही. इथेनॉलचं म्हणाल तर घरी अल्कोहोल गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा आहे, मग ते गाडीत घालायला का असेना. बायोगॅस म्हणजे हवा न लागता शेण-खरकटं कुजलं की निघणारा, जळणारा गॅस, त्याला यातलं काही लागत नाही. शेण, पाणी, खरकटं आणि धीर.

आणि हे आपल्याकडे नवीन पण नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या टोपीचं डिझाइन बसवलं, खादी ग्रामोद्योगने ते साठच्या दशकापासून गावोगाव नेलं, १९८४ मध्ये जमिनीखालचा विटांचा दीनबंधू प्लांट आला. पण माटुंगा सोडलं तर हे सगळे शेणावरचे, म्हणजे गोठा पाहिजे. शहरातल्या माणसाला दार उघडलं ते पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांनी तिथे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या वापरून खरकट्यावर आणि पिठावर चालणारा छोटा प्लांट केला, त्याला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. खाली जे सांगतोय ते त्याच धर्तीचं आहे.

आधी हिशोब, मग खरेदी

बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर बायोगॅस जळला की साधारण ०.४५ किलो एलपीजीइतकं काम होतं. आता एक किलो ओल्या कचऱ्यातून ७० ते १०० लिटर गॅस मिळतो असं धरा. १००० लिटरच्या टाकीला रोज चार किलो घातला तर ३०० ते ४०० लिटर गॅस, म्हणजे एका छोट्या बर्नरवर तासभर, फार तर दीड तास. महिन्याला हे साधारण चार ते साडेपाच किलो एलपीजी होतं, म्हणजे १४.२ किलोचं एक सिलेंडर अडीच ते साडेतीन महिन्यांनी वाचतं. सिलेंडर पूर्ण बंद होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला रोज किती किलो कचरा घालायचा ते विचारा, तिथेच उत्तर मिळतं.

आणि मुख्य अडचण ही की चौघांच्या घरात रोज चार किलो ओला कचरा निघतच नाही, एक-दीड किलो निघतो. म्हणून पहिलं काम टाकी घेणं नाही, पहिलं काम म्हणजे पंधरा दिवस रोज ओला कचरा वेगळा ठेवून वजनकाट्यावर तोलायचा आणि वहीत लिहायचा. कमी पडत असेल तर वरच्या काकूंना विचारा, भाजीवाल्याला विचारा, पिठाच्या गिरणीत रोज सांडलेलं पीठ झाडून टाकतात ते विचारा. पीठ, शिळा भात, पोळी यातून गॅस भराभर होतो, पालेभाजीच्या देठांतून रडतखडत. गावाकडे गुरं असतील तर हिशोब वेगळा: एक गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, एका किलोतून साधारण ४० लिटर गॅस, आणि चार-पाच जनावरं असली की दोन घनमीटरचा प्लांट चालतो, त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो.

जागा

ऊन पाहिजे. जिवाणूंना ३० ते ३७ अंश आवडतात, १५ च्या खाली ते जवळजवळ झोपतात, त्यामुळे पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होणारच, कोकणात तो त्रास कमी. काळी टाकी घेतली तर ऊन चांगलं धरते. विहिरीपासून लांब ठेवा, स्वयंपाकघराच्या फार लांब नको कारण प्रेशर अगदी कमी असतं. गच्चीवर बसवायचा विचार असेल तर भरलेली टाकी एक टनाच्या वर जाते हे लक्षात घ्या आणि ती कॉलम-बीमवर येते का ते इंजिनिअरला दाखवूनच ठरवा, स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. बंद खोलीत, जिन्याखाली, पार्किंगच्या कोंदट कोपऱ्यात अजिबात नाही. उघड्यावरच.

जुळणी

एक १००० लिटरची टाकी, एक ७५० ची. दोन्हीचा वरचा निमुळता भाग जिगसॉने कापून टाकायचा म्हणजे तोंड पूर्ण उघडं होतं. मोठी सरळ ठेवायची, छोटी तिच्यात उलटी घालायची, हीच गॅसची टोपी. विकत घेताना दुकानातच टेप लावून दोन्हीचे व्यास मोजा, कंपनीगणिक वेगळे असतात, छोटी आत सहज वरखाली झाली पाहिजे आणि बाजूला फट दोन-तीन सेंटिमीटरच राहिली पाहिजे. फट मोठी राहिली तर तिथून गॅस हवेत जातो, अगदी घट्ट बसली तर टोपी तिरकी होऊन अडकते.

कचरा घालायचा पाइप तीन किंवा चार इंची पीव्हीसी, मोठ्या टाकीला तळाजवळ भोक पाडून टँक कनेक्टरने बसवायचा आणि बाहेरून उभा वर आणायचा, तोंडाला नरसाळ्यासारखं काहीतरी. समोरच्या बाजूला काठाच्या थोडं खाली स्लरी, म्हणजे आत कुजून झालेला पातळ काला, बाहेर पडायचा पाइप. घालायच्या पाइपचं तोंड या बाहेर पडायच्या भोकापेक्षा उंच पाहिजे, नाहीतर घातलेलं सगळं तिथूनच परत अंगावर येतं. टोपीच्या माथ्यावर बॉल व्हॉल्व आणि त्याला गॅसची होज, जरा सैल, कारण टोपी वरखाली होते.

होजचा उतार एका ठिकाणी यावा आणि तिथे टी (तीन तोंडांचा जोड) लावून पाणी काढायची सोय करावी. बायोगॅस ओला असतो, पाइपात पाणी साचतं आणि मग शेगडीवरची ज्योत लपलप करत नाचायला लागते, नवीन माणसाला वाटतं गॅस संपला, गॅस संपलेला नसतो, पाणी अडलेलं असतं. शेगडीच्या आधी पाइपात बारीक तारेच्या जाळीचा गोळा बसवा, ज्योत उलटी पाइपात शिरू नये म्हणून. भांडी घासायच्या स्टीलच्या नाही, साध्या लोखंडी लोकरीचा एक डबा मध्ये जोडला तर हायड्रोजन सल्फाइड त्यात अडकतो, तो सडक्या अंड्याचा वास तोच, आणि बर्नर गंजत नाही. लोकर काळी पडली की बदलायची.

शेगडी बायोगॅसचीच घ्या, आयएस ८७४९ हे त्याचं मानक. एलपीजीच्या शेगडीचा जेट बारीक असतो आणि हवा खूप ओढते, बायोगॅसला हवा फार कमी लागते, तशीच जोडली तर पेटल्या पेटल्या विझते. माहीतगार दुरुस्तीवाला असेल तर तो जेट मोठा करून हवेची भोकं कमी करून देतो, पण ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच.

विरजण

गाईच्या पोटात जे जिवाणू असतात तेच आपल्याला टाकीत पाहिजेत, म्हणून सुरुवात ताज्या शेणाने. दुधाला विरजण लावतो तसंच हे, विरजण चांगलं तर पुढचं सगळं चांगलं. १०० ते २०० किलो ताजं शेण पाण्यात हाताने कालवून, गवताच्या काड्या आणि खडे काढून टाकीत घालायचं आणि बाकी पाण्याने भरायचं. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून जाऊ दे. जवळपास कुणाचा चालू गोबरगॅस असेल तर त्याची चार-पाच बादल्या स्लरी आणा, त्यासारखं दुसरं काही नाही, कितीतरी दिवस वाचतात. औषधं, अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं शेण मात्र घेऊ नका.

मग टोपी घालायची, घालताना व्हॉल्व उघडा ठेवून आतली हवा जाऊ द्यायची, बंद करायचा, आणि काहीही न घालता थांबायचं. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून बरेच जास्त. म्हणूनच मी सगळ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा असं सांगतो.

पहिला गॅस

टोपी उचलली जाताना बघायचा आनंद वेगळाच, सकाळी टाकीवर खडूने खूण करून ठेवली तर संध्याकाळी टोपी चार बोटं वर आलेली दिसते. पण हा पहिला गॅस जळत नाही, त्यात मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, शिवाय पाइपात हवा अडकलेली. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून पहिली टोपीभर गॅस उघड्यावर सोडून द्या, जवळ विडी-सिगरेट, उदबत्ती, काही नको. दुसऱ्या वेळी शेगडीवर काडी लावून बघा. निळी ज्योत येते, जवळजवळ बिनरंगाची, दिवसाच्या उजेडात दिसत सुद्धा नाही आणि म्हणून हात भाजतो, तेव्हा पहिल्यांदा पेटवताना संध्याकाळची वेळ धरा आणि आधी पेटती काडी, मग कॉक.

लीक बघायचं ते साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही. आणि ही गोष्ट पाठच करून ठेवा: बायोगॅस घरी कॉम्प्रेसरने सिलेंडरमध्ये भरायचा नाही. व्हिडिओत कुणी करून दाखवतो म्हणून करू नका. तसंच रिकाम्या टाकीत साफ करायला डोकं घालायचं नाही, आत उतरायचं तर नाहीच, आतला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो. साफ करायची वेळ आली तर टोपी काढून कडेला ठेवा, टाकी दिवसभर उघडी राहू द्या आणि बाहेरूनच लांब दांड्याने किंवा पाण्याच्या पाइपने काम करा.

रोजचं जेवण

इथेच सगळे प्लांट मरतात. गॅस पेटला की माणसाला हुरूप येतो, लग्नाचं उरलेलं पातेलंभर अन्न आणून ओततो, आणि आठवड्यात टाकी आंबट होते. कारण आत दोन टप्प्यांत काम चालतं, आधी काही जिवाणू अन्न कुजवून त्याची आम्लं करतात, ते भराभर वाढतात, मग दुसरे ती आम्लं खाऊन मिथेन करतात, ते फार सावकाश वाढतात. एकदम जास्त घातलं की आम्ल साठतं आणि मिथेनवाले त्यातच मरतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात रोज पाव किलो, मग अर्धा, मग हळूहळू महिना-दीड महिन्यात तीन-चार किलोपर्यंत. रोज एकाच वेळेला, बारीक चिरून किंवा जुन्या मिक्सरमधून काढून, दीड-दोनपट पाण्यात कालवून. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाताची पेज चालते, उलट चांगलीच. गावाला गेलात आणि आठवडाभर काही घातलं नाही तर काही बिघडत नाही, आल्यावर मागचं भरून काढायला जाऊ नका एवढंच.

लिंबू-संत्र्याच्या साली, कांद्याची टरफलं, नारळाच्या शेंड्या, हाडं, अंड्याची कवचं, काटक्या, हे नाही. तळणीचं तेल नाही. साबणाचं आणि फिनाइलचं पाणी तर चुकूनही नाही, म्हणून घरातल्या आणि कामाला येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा की बादली धुतलेलं पाणी त्या पाइपात ओतायचं नाही.

आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या मिळतात, सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी बाहेर पडलेल्या स्लरीत बुडवा. ६.८ ते ७.५ च्या मध्ये असेल तर सगळं ठीक. ६.५ च्या खाली गेलं, वास आंबट यायला लागला, टोपी वर येते पण ज्योत धरत नाही, तर कचरा घालणं बंद. पाच-सहा दिवस काही नाही. चुन्याची निवळी थोडी थोडी करून घाला, बादली-दोन बादल्या ताज्या शेणाचा काला घाला आणि थांबा. बहुतेक वेळा सुधारतं. नीट चाललेल्या टाकीच्या स्लरीला घाण वास येत नाही, ओल्या मातीसारखा, थोडा शेणासारखा वास येतो, नाकाला एकदा सवय झाली की पट्टी लागत पण नाही.

टोपी वर आली पण ज्योत बारीक असेल तर टोपीवर दोन-चार विटा समतोल ठेवा. पावसाळ्यात फटीतून पाणी आत जाऊन स्लरी पातळ होते, वर पत्र्याचं छप्पर करा. फटीत डास होतात, मच्छरदाणीचं कापड भोवती बांधा, हे पहिल्याच दिवशी करा कारण शेजारी गॅसबद्दल तक्रार करत नाहीत, डासांबद्दल करतात. आणि टोपी भरून बाजूने बुडबुडे यायला लागले तर गॅस जाळा, चहाचं पाणी तापवा, आंघोळीचं तापवा, काहीही करा पण सोडून देऊ नका. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवतो, पर्यावरणासाठी प्लांट लावून मिथेन हवेत सोडणं हे उलटंच काम झालं.

स्लरी

रोज घातलं तेवढंच बाहेर पडतं. तीन-चार पट पाणी घालून कुंड्यांना द्या, नेहमी संध्याकाळी, पानांवर नाही मुळाशी. जास्त झालं तर सावलीत वाळवा, कडक उन्हात नत्र उडून जातं. गाळून ड्रिपमध्ये सोडणारे शेतकरी पण आहेत, पण गाळणी रोज धुवावी लागते. टोमॅटो आणि पालेभाज्यांना याचा फरक लगेच दिसतो.

हे का करायचं, आणि कुणाकडे काय मागायचं

आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरच्या देशांतून येतो. जैवइंधनाच्या नावाने सरकारी पातळीवर मोठमोठ्या गोष्टी होतात, २००३ च्या सुमारास जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाचं मिशन होतं, २० टक्के बायोडिझेल मिसळायचं म्हणून लोकांनी माळरानं लावली आणि ते कुठेच पोचलं नाही. आता इथेनॉल. २० टक्क्यांचं टार्गेट २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे आणलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल थांबवलं कारण पाऊस कमी आणि साखरेची काळजी, मग आठवड्याभरात थोडी ढील दिली. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, पण मराठवाड्यासारख्या भागात उसाला पाणी घालून त्याचं इंधन करायचं आणि शहरात तयार पडलेलं इंधन ट्रकमध्ये भरून दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकायचं, हे मला पटत नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, त्यांच्या विहिरी खराब झाल्या, गाड्या अडवायला रस्त्यावर बसावं लागलं. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं आणि अर्धी मुंबई धुरात होती. ते पेटतं त्यात आपण दिलेल्या ओल्या कचऱ्यातून निघालेल्या मिथेनचा मोठा हात असतो. आपल्या टाकीत गेलेले चार किलो तिथे जात नाहीत, माझ्यासाठी वाचलेल्या सिलेंडरपेक्षा हे मोठं आहे.

गावात असाल आणि गुरं असतील तर खर्च सगळा स्वतः करायच्या आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जा, केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमाचं अनुदान जिल्हा परिषदेमार्फत सध्या मिळतंय का ते विचारा, टार्गेट वर्षाचं असतं म्हणून एप्रिल-मेमध्येच जा आणि मंजुरी हातात आल्याशिवाय खड्डा खणू नका. शहरात घरपट्टीत काही सूट आहे का ते तुमच्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

आणि सोसायटीत राहत असाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मोठा प्लांट कागदावर असतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत उठून तीनच गोष्टी विचारा: रोज किती किलो कचरा आत जातो याची वही कुठे आहे, गॅस कुठल्या शेगडीवर जळतो ते दाखवा, आणि चालवणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून जातो. गॅस वापरायला कोणी नसेल तर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये चहाची शेगडी किंवा क्लब हाऊसचं किचन जोडून घ्या, जिथे गॅसची रोज वाट बघणारं माणूस असतं तिथला प्लांट बंद पडला की त्याच दिवशी कळतं आणि दुरुस्त पण होतो.